मधाच्या रंगाचा कोंबडा

मी आता राहते त्या विश्रामबागेत शेजारच्यांनी कोंबडी जाळावर धरली असावी. जळक्या पिसांचा वास आला आणि मी मनानं विट्याजवळच्या सासरच्या वस्तीवर पोचले, नव्वदच्या दशकातल्या एका जत्रेच्या सकाळी.

मधाच्या रंगाची पिल्लं निघावीत म्हणून मी तसाच एक कोंबडा जपला होता. इतका गरीब, की माझ्या पोरीच्या मांडीवर बसायचा. दुसरा काळा, मारका. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावायचा. पाहुणे आले आणि फौजेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी नेमका माझाच कोंबडा उचलला.

"आवं मामा, ह्यो न्हाई. त्यो काळा कापा."

"त्यो घावतोय व्हय? ह्यो गरीब हाय, गप हाताला लागतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे गरीब असेल तो रश्शात जाणार आणि मारक्याची पिल्लं वाढणार! मी त्यांच्या हातातून कोंबडा काढून घेतला. पाहुण्यांसमोर पदर खोचला आणि काळ्यामागे उसातून पळाले. त्यानं टोचून मनगट रक्तबंबाळ केलं, पण धरलाच.

रश्शातले तुकडे चिवट झाले. सगळ्यांनी चावून चावून खाल्ले.

मनगटावरचा वण अजून आहे. सून गरीब म्हणून त्या घरात सगळं माझ्यावरच ढकललं जायचं. त्या सकाळनंतर मला कुणी गरीब म्हटलं नाही.