पाव शक्यता

निफाडच्या बसला सर आणि मी रोज बरोबर असायचो. ते तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. स्टॉपवर आले की सुरू, “बस वेळेवर यायची शक्यता निम्मी, खिडकी मिळायची निम्मी. गुणा, मॅडम, दोन्ही जमायची शक्यता पाव!” मला वैताग यायचा.

मग त्यांच्या बायकोची दोन ऑपरेशनं करायचं ठरलं. “पहिलं यशस्वी व्हायची शक्यता निम्मी. ते झालं तरच दुसरं, त्याचीही निम्मी,” सर म्हणाले आणि थांबले. “म्हणजे निम्मी आशा आहे.”

गुणाकार त्यांनी केलाच नाही. उत्तर पाव येतं, हे त्यांनीच माझ्याकडून रोज घोकून घेतलं होतं. तरी मी म्हटलं, “आहेच की, सर.”

तेराव्यानंतर ते पुन्हा स्टॉपवर दिसले. बस वेळेवर आली, खिडकीही रिकामी होती. सर निफाडपर्यंत उभेच राहिले.