जाड अक्षराचा बोरू

शाईत बुडवलेल्या बोरूची कागदावरची कर्रकर्र आज सकाळपासून कानात आहे. आमचे गुरुजी कवितेच्या मथळ्यासाठी रुंद टोकाचा वेगळा बोरू तासून देत. बारीक बोरूनं तेच अक्षर पुन्हा गिरवून जाड केलं, की पाठीत धपाटा बसायचा.

मित्रहो, कारण सांगतो. शाळेपासूनचा माझा मित्र मारोती गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याची एक कविता माझ्यापाशी होती. सूनबाईनं सकाळी त्या कवितेचं वेबपान केलं, हाताच्या अक्षरासारखा फॉन्ट लावला. ओळी झकास दिसल्या. पण वरचं मारोतीचं ठळक नाव म्हणजे नुसता शाईचा डाग!

“बाबा, या फॉन्टची जाड अक्षरं आपण टाकलीच नाई. मंग ब्राउझर साधीच अक्षरं फुगवून देते.”

“म्हणजे गिरवते! त्याले धपाटा कोण देईन?”

ती हसली. मला मात्र बसवेना. पान सिंदेवाहीला मारोतीच्या बायकोला, शांताबाईंना, गेलंही होतं. नवऱ्याचं नाव असं बरबटलेलं पाहून त्यांना काय वाटेल? सूनबाई जाड अक्षरांची फाईल शोधत बसली, मी अंगणात येरझारा घालत राहिलो. तुम्हीच सांगा, तुम्हाला चैन पडली असती?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. शांताबाई! बल्लारपूरची गाडी पकडून थेट आल्या होत्या. मी माफी मागू लागलो.

“नावाचं राहू द्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हे कविता लिहत होते, हे मले आजच समजलं. अजून हायेत का तुमच्यापाशी?”