रिकाम्या पेटीचा दोर

बापू, माझे वडील, गेले तेव्हा भाऊ दुबईहून निघाला होता. त्याला शेवटचं तोंड दिसावं म्हणून आम्ही नांदेडहून शीतपेटी मागवली. मयत ठेवायचा, काचेच्या झाकणाचा फिरता फ्रीज. ती घेऊन देगलूरला आलेल्या माणसाचं नाव मी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बापूंना पोचवून आलो, तर तो पेटी पुसून पिकअपमध्ये बांधत होता. खाली टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, चारी बाजूंनी दोर. प्रत्येक दोर तो बोटानं वाजवून बघायचा. एक सैल लागला, तर सगळं सोडून पुन्हा बांधायला लागला. मला ते बघवेना. ती पेटी दारातून एकदाची जावी, एवढंच वाटत होतं.

"रिकामीच आहे ना आता? कशाला एवढं?" मी खेकसलो.

त्यानं हात थांबवला नाही. "माझ्या मायच्या टायमाला बी रिकामीच येऊन राहिली होती, दादा. दोर ढिला होता. खड्ड्यात आदळली, गॅसची नळी तुटली. भाऊ येईस्तोवर मायचं तोंड दाखवण्यासारखं राहिलं न्हाई." मग गाठ आवळत म्हणाला, "आता जळकोटला जायचंय. तिथं बी मयत ठेवून लेकीची वाट बघून राहिलेत."

मी घरात गेलो. बापूंची पांघरायची वाकळ टाकून द्यायला काढून ठेवली होती. ती आणून पेटी आणि पिकअपच्या फाळक्याच्या फटीत कोंबली, आणि दोराचं दुसरं टोक धरलं.

"ओढा," तो म्हणाला. "अजून ओढा."