जिजीच्या गायीचा घास

माझी थोरली जाऊ आज सकाळी गेली. आमचं पटत नव्हतं.

गेली म्हणून आता 'फार प्रेम होतं' वगैरे टाकू नकोस, असं नातीला आधीच बजावलंय. मला लिहिता येत नाही. मी बोलते, ती टाईप करते.

जाऊबाईंना सगळे जिजी म्हणायचे.

नाशिक रोडला आमच्या मळ्याभोवती आता सगळ्या सोसायट्या. गायी उरल्या दोनच. एक तिची, एक माझी. मधे पत्रा.

वाटण्या झाल्या तेव्हापासून अबोला. पण गप्प राहणं दोघींच्याही स्वभावात नाही. म्हणून आम्ही गायींशी बोलायचो. मोठ्यानं.

ती तिच्या गायीला सांगायची, काही लोकांचं शेण दुपारपर्यंत तसंच पडलेलं असतं गं.
मी माझ्या कपिलेला सांगायचे, काहींना उद्योगच नाही बाई, दुसऱ्याचं शेण बघत बसतात.

मागच्या लग्नसराईत कपिला दावं तोडून शेजारच्या लॉन्समध्ये घुसली. उरलेला भात, जिलेबी, सगळं हाणलं. आमंत्रण नाही, आहेर नाही.

पोट फुगलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सोडा पाजला. फुगा उतरला, पण रवंथ बंद तो बंदच. चारा हुंगायची आणि मान फिरवायची.

डॉक्टर म्हणाले, आजी, चारा गाय एकटी पचवत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते पचवतात. भातानं पोट आंबलं, ते मेले. आता निरोगी गायीच्या तोंडातून रवंथाचा घास काढून हिला भरवा. नाहीतर ही जगायची नाही.

मी म्हटलं, आजवर जंतू मारायला सुया टोचल्यात, आता पेरायला सांगता?

निरोगी गाय एकच. पत्र्यापलीकडे.

मी कपिलेच्या कानाशी बसले, पण बोलले पत्र्यापलीकडं ऐकू जाईल असं. "तुझं औषध पलीकडं हाय गं. पण मागायला माझी जीभ रेटत नाय."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग ती आली. कोपरापर्यंत हात हिरवा, लाळेनं निथळणारा. मुठीत घास. तिची गाय दुसऱ्या कुणाला तोंडात हात घालू द्यायची नाही.

"तोंड उघड तिचं. माझ्याकडं काय बघती?"

इतक्या वर्षांनी थेट माझ्याशी बोलली ती हे.

रोज यायची. घास भरवायची, जायची. एका दुपारी कपिलेच्या गळ्यातून घास वर चढताना दिसला. जबडा हलायला लागला. आम्ही दोघी नुसत्या बघत उभ्या.

जिजी म्हणाली, "माझ्या घरचे नांदायला आलेत तुझ्याकडं. नीट वागव."

त्यानंतर आम्ही समोरासमोर भांडायला लागलो. लय बरं वाटायचं.

आज जिजीला नेलं तेव्हापासून तिची गाय चाऱ्याला तोंड लावत नाही.

डॉक्टरांनी पोट तपासलं. म्हणाले, आत सगळं ठीक आहे, आजी.

ते मलाही माहीत होतं. ह्या दुखण्याला भरवायचा घास कपिलेकडे नाही.

जिजीच्या गायीला माझ्या गोठ्यात आणून बांधलंय. शेजारी बसलेय.

जिजी, सुखानं जा. हिला मी बघते.