नाल्यापलीकडच्या एकोणीस सह्या

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात व्हेल्डा क्रॅमर घोड्यांना नाल ठोकायची. ऐरण, भट्टी, कानशी, सगळं दुकान तिच्या पिकअपमध्ये. एकदा तिनं रस्त्यात एका पोराला गाडीत घेतलं. पोलिसांनी अडवलं, तर त्याच्या पिशवीत नशेच्या गोळ्या निघाल्या. गाडी जप्त झाली. व्हेल्डावर गुन्हाच नव्हता. खटला चालला तो गाडीवर! चौदा महिने बाई शेजाऱ्याच्या गवताच्या गाड्यावर ऐरण लादून तबेले हिंडली, तेव्हा कुठे पिकअप परत मिळाली.

गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय सरकारनं कुणाचीही वस्तू ठेवून घेऊ नये, अशी दुरुस्ती राज्याच्या घटनेत व्हावी म्हणून सह्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा व्हेल्डानंही कागद घेतले. सही नाही तर नाल नाही, असं म्हणत तिनं एकसष्ट सह्या जमवल्या.

कागद सादर करायच्या शेवटच्या दिवशी सकाळी, या सह्या माझ्यासमोरच झाल्या अशा शपथेवर सही करायला ती नोटरी डॉयलकडे गेली. त्यानं पत्ते वाचले नि चष्मा काढला.

"व्हेल्डा, यातले एकोणीस जण नाल्यापलीकडचे. म्हणजे दुसऱ्या काउंटीतले, दुसऱ्या जिल्ह्यातले. एका कागदावर एकाच काउंटीचे मतदार चालतात. या सह्या बाद."

"अरे, त्यांची पोरं आपल्याच शाळेच्या संघातून खेळतात की!"

"खेळू देत. मत तिकडं देतात ना?"

"मग दे त्या काउंटीचा कोरा कागद. तुझा शिक्का कितीपर्यंत जागा असतो?"

"पाचपर्यंत. आणि पाच म्हणजे पाच."

व्हेल्डा निघाली. कुणी ट्रॅक्टरवर सापडलं, कुणी न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून. एकोणिसावा होता म्हातारा ऑर्व्हिल; तो कुंपण दुरुस्त करत होता.

"पुन्हा सही? पहिली पळून गेली काय?"

"तुमची काउंटी चुकली, काका. लवकर करा."

"माझी नाही चुकली, पोरी. पंचाहत्तर वर्षं इथंच राहतोय. चुकलीस तू."

"बरं, मी चुकले. आता लिहा!"

त्यानं हसत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

पाचला सात मिनिटं असताना ती डॉयलसमोर धापा टाकत बसली. त्यानं एकेक पत्ता बोट ठेवून तपासला.

"आता बरोबर आहे. कर सही."

घाईघाईत तिची सही वाकडीतिकडी आली.

"चालेल ना रे?"

"चालेल," म्हणत डॉयलनं शिक्का मारला. व्हेल्डा खुर्चीत मागं रेलली आणि दिवसभरात पहिल्यांदा पोटभर हसली.