मावशीच्या नाकातल्या सहा पाट्या

आमच्या हँगरमध्ये तीन जातींची लष्करी हेलिकॉप्टरं होती. कागदावर त्यांची लांबलचक नावं होती. हातात पाना असताना तेवढं बोलायला कोणाला सवड? सगळ्यात जुनी ती मावशी; अशा तीन होत्या. एकच इंजिन, अंगावर फारसं काही नाही. तेल गळायचं, ती कुरकुरायची, पण उंचावरच्या विरळ हवेत तिचा दम टिकायचा. नवी ती सूनबाई. दोन इंजिनं, पुढ्यात काचेचे पडदे. सपाटीवर मावशीच्या दुप्पट ओझं उचलायची. तिसरा पैलवान. तो अख्खी जीप उचलायचा, पण डोंगरावरच्या चौकीवर उतरायला गेला तेव्हा त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने स्वयंपाकघराचं छप्पर उडालं. चौकीवाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही.

मावशीचा मुख्य फिटर होता काटा, दुसरा फिटर मी. हे नाव वजनकाट्यावरून पडलं. मशीनमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू तो स्वतः तोलायचा. पायलटांनाही सोडायचा नाही.

“साहेब, पंधरवड्यात दोन किलो वाढलात.”

“अरे, बूट जड आहेत.”

“बूट तेच आहेत. मागच्या वेळचं लिहून ठेवलंय मी.”

घरीही तेच. मेहुणीचं बाळ पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाला, “तीन किलो शंभर.” बायको म्हणाली, “अहो, आधी मुलगा की मुलगी ते तरी विचारा!”

हेलिकॉप्टर उडण्याआधी फिटर वहीत सही करतो. ती सही नसेल तर पायलट चढत नाही. काट्याची सही एकतीस वर्षं चालली, आणि त्या सहीवर उडालेलं एकही मशीन अर्ध्या वाटेवरून परत आलं नाही. याचा त्याला अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. नोकरीचे पाच महिने उरले होते.

तेव्हा वरून हुकूम आला. चौकीचं काम मावशीने करायचं की सूनबाईने, याची चाचणी घ्या. चौकीच्या हेलिपॅडवर वाळूची पोती भरायची, वीस किलोचं एक. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर दोन मिनिटं स्थिर राहायचं. जी जास्त पोती उचलेल तिला चौकी. मावशी हरली तर तिन्ही मावश्या भंगारात.

आदल्या दिवशी मावशीचं इंजिन बदललं होतं. ते तपासायला एकच पायलट वर गेला. पुढे एकटाच माणूस असला की नाक हलकं पडतं, म्हणून नाकाच्या खणात शिशाच्या पाट्या लावतात. सहा पाट्या, बेचाळीस किलो. दोन पायलट बसायचे असले की त्या काढायच्या. चाचणीला दोघे बसणार होते; पाट्या काढणं हे फिटरचं काम.

चाचणीच्या सकाळी काटा पोती तोलत बसला. दोन्ही मशीनना तीच पोती जाणार होती, तरी एक पोतं सहाशे ग्रॅम जास्त भरलं म्हणून त्याने ते उसवून वाळू काढली, पुन्हा शिवलं. मग सगळीच पोती पुन्हा तोलली. सूनबाईचा फिटर ओरडला, “काटेराव, डोंगर पण तोलून घ्या एकदा!” सगळे हसले. मशीनं निघायची वेळ झाली. काट्याने घाईघाईत सही केली.

दुपारी बिनतारी संदेश आला. सूनबाई नऊ पोती, मावशी आठ.

सूनबाईच्या फिटरने शिट्टी मारली. मावशी परत उतरल्यावर काटा तिच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि नाकाचा खण उघडला. मी शेजारीच होतो. सहाच्या सहा पाट्या जागेवर होत्या.

दोन पोत्यांहून जास्त वजन मावशी फुकट वाहून आली होती. वर तोलही पुढे गेलेला. पायलट हुशार, म्हणून सांभाळलं.

मी हळूच म्हटलं, “झाकण लाव. उद्या काढू. कोणाला कळणार नाही.”

“आणि मावशी?”

“मावशी गेली तर गेली. तुझी सही राहील. पाच महिने राहिलेत, बाबा!”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे पाच दिवसही लपून राहणार नाही.”

असं म्हणून त्याने पाट्या काढल्या, एकेक तोलल्या आणि हातगाडीवर घालून मोठ्या साहेबांच्या खोलीकडे निघाला. गाडी मी ढकलली. बेचाळीस किलो आहे, सांगायला सोपं वाटतं.

साहेबांनी पाट्यांकडे पाहिलं. “हे काय?”

“माझी चूक, साहेब. मावशीच्या नाकात राहिल्या.”

“तुमच्याकडून?”

“माझ्याकडूनच. वहीत सही माझी आहे.”

साहेबांनी एक पाटी उचलून पाहिली. मग म्हणाले, “चाचणी परवा पुन्हा होईल. तुमची सही आजपासून बंद. परीक्षा द्या, पास झालात तर परत मिळेल.”

तिसऱ्या दिवशी सूनबाईने पुन्हा नऊ आणि मावशीने दहा पोती उचलली. खाली हँगरमध्ये असा कल्ला झाला की मुख्य स्वयंपाकी पळी घेऊन बाहेर आला. तिन्ही मावश्या नोकरीत राहिल्या. त्या दिवशी वहीत सही माझी होती. काट्याने माझ्या मागे उभं राहून मला खण तीनदा उघडायला लावला.

मग त्याने अभ्यास धरला. नव्या भरतीतल्या पोरापोरींबरोबर बाकावर बसला. बायको रोज संध्याकाळी पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायची. महिन्याभरात तिलाही गिअरबॉक्स उघडता आला असता.

निकाल लागला. शंभरपैकी शहाण्णव. पहिला नंबर. आम्ही पाठ थोपटायला गेलो तर हा परीक्षकांच्या टेबलापाशी भांडत उभा.

“चार मार्क कुठे गेले?”

“काका, सूनबाईच्या प्रश्नात. तिच्या दुसऱ्या इंजिनाचं तुम्ही चुकीचं लिहिलंय.”

काट्याने उत्तरपत्रिका दोनदा वाचली. चूक होती. तो तडक सूनबाईच्या फिटरकडे गेला.

“दुसरं इंजिन दाखव.”

“आता? जेवायची सुट्टी आहे.”

“तू जेव. मी बघतो.”

आठवडाभर तो रोज सुट्टीत तिच्या इंजिनात डोकं घालून बसला. सही परत मिळाली त्या सकाळी सूनबाई तयार उभी होती, औषधांची खोकी घेऊन सपाटीवरच्या तळावर जायला. तिच्या फिटरने वही पुढे केली; नव्या परीक्षेची सही तिन्ही जातींना चालायची.

“काटेराव, करा बोहनी.”

त्याने दोन्ही इंजिनं पाहिली, मग सही केली.