मच्छरदाणीतली झाडं

सांगलीतल्या आमच्या घरमालकांइतका निरुपद्रवी माणूस या भूतलावर दुसरा नसेल, आणि त्यांच्याच गच्चीवर माशा खाणारी झाडं असावीत, यापरती नशिबाची थट्टा नाही. अण्णा जैन, तेही नावापुरते नव्हेत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं, पाणी फडक्यातून गाळलेलं. पावसाळ्यात रस्त्यावर गोगलगायी निघाल्या की हळदीच्या पेठेतलं त्यांचं दुकान हमखास उशिरा उघडे, कारण अण्णा जमीन बघून मगच पाऊल टाकत. एकदा माझ्या दंडावरचा डास मारायला मी हात उचलला, तर म्हणाले, "लोणंदकर, फुंकर मारा की. त्येलाबी घरदार असंल." मी लोणंदचा, त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. माझं खरं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

झाडं काकूंची, म्हणजे अण्णांच्या बायकोची. काकूंचं माहेर साताऱ्याकडच्या डोंगरात. तिथल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, पावसाळ्यात ही दवबिंदू नावाची झाडं उगवतात. माहेरच्या बांधावरचं चिमूटभर बी त्यांनी तीन पसरट कुंड्यांत लावलं होतं. रुपयाएवढं झाड, तांबूस पानं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दव समजून चिलट बसलं की अडकलं, मग पान त्याच्यावर मिटतं. "यास्नी खत नको," काकू सांगायच्या, "नळाचं पानी तर इखच. पावसाचं पानी आन् ऊन, बास. पोटाचं त्यांचं ती बघत्यात." फुलं आली की त्या जिन्यातून हाक मारायच्या, "आवं, या तरी बघाया." अण्णा खालूनच म्हणायचे, "तुज्या त्या वाघांचं त्वांड मला दावू नगं."

काकू गेल्या आणि सुतक फिटल्यावर अण्णा पहिल्यांदा झाडांसाठी गच्चीवर आले. पावसाचं पाणी पिंपात साठवू लागले, तेही गाळून घालू लागले. आणि कुंड्यांवर त्यांनी काकूंच्या खाटेची मच्छरदाणी बांधली. झाडं जगावीत, पण हत्या होऊ नये. वाघ पाळून त्याला दूधभात घालण्यातला प्रकार. गल्ली हसली, मीही हसलो. एकदा फटीतून शिरलेलं चिलट त्यांनी काडीने सोडवलं, थेंबभर पाण्याने त्याचे पंख धुतले. ते तरीही मेलं, तेव्हा अण्णा संध्याकाळी जेवले नाहीत.

हे झाड वर्षाचंच. फुलून बी धरलं तर पुढच्या पावसात पुन्हा, नाहीतर संपलं. पहिल्या वर्षी चार-दोन फुलं आली. दुसऱ्या पावसात एकाच कुंडीत रोपं उगवली, फिकट, आणि फुलाचा दांडा काही दिसेना. माहेरची जमीनही विकली गेली होती, तिथे आता कुणाचं तरी हॉटेल उभं आहे. दुसरीकडून बी आणलं असतं तरी ते काकूंचं नव्हतं. शेवटी मी धीर करून म्हणालो, "अण्णा, जाळी काढा. उपाशी आहेत ती."

"ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि खाली निघून गेले.

काही दिवसांनी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो, तर मच्छरदाणी घडी करून कठड्यावर ठेवलेली आणि अण्णा कुंडीकडे पाठ करून बसलेले. हातात जपमाळ होती.

"काल एक चिलट गेलं," ते म्हणाले. "फुलं येईस्तवर एकच टाइम जेवनार हाय मी. पाप तिच्या नावावर नगं, माज्या नावावर असू दे." मला हसू आलं नाही. इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. एका सकाळी त्यांचा फोन आला. "लोणंदकर, फुलं आली. पांढरी हायत. सकाळी उमलत्यात आन् ऊन चढलं की मिटत्यात."

"मग आता दोन्ही वेळा जेवा," मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलंच नाही. "एवढुशी फुलं वो," ते म्हणाले. "दर साली हाक मारायची ती. जिना चढाया असा किती येळ लागला असता मला?"

ऊन चढत होतं, फुलं मिटायला आली असतील, म्हणून मीच फोन ठेवला.